बरगड्यांना काकवीचा लेप



पीक, पाणी, खत आणि फवारणी यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज जरा चुलीपाशी बसून बोलू. विषय आहे डुकराच्या बरगड्या मऊ कशा शिजवाव्यात आणि त्यांना गोड लेप कसा द्यावा. मथळ्याखालचे हे वाक्य वाचून काही घरांत पान उलटले जाईल, हे मला ठाऊक आहे. ज्यांच्या घरी हे मांस चालत नाही, त्यांनी रागावू नये. त्यांच्यासाठीही या लेखात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, हीच रीत बोकडाच्या चापांना जशीच्या तशी लागू पडते. दुसरी गोष्ट आजाराची आहे, आणि ती तर तुळशीची माळ घातलेल्या घरानेही वाचलीच पाहिजे. तेव्हा पान उलटण्याआधी थोडा धीर धरा.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. घरचे गुऱ्हाळ होते. बी. एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागलो आणि १९९६ साली पहिली नेमणूक मिळाली ती थेट सिंधुदुर्गात. माडाच्या झाडाला खत किती द्यायचे हे पुस्तकात वाचले होते, पण माणसांत कसे वागायचे ते कोणी शिकवले नव्हते. नाताळच्या आठवड्यात एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरी नारळाच्या बागेची पाहणी करायला गेलो. वीसेक माड, थोडी भातशेती, आणि परसात एक डुकरीण व तिची पिल्ले. पाहणी झाल्यावर घरच्या मावशींनी पानात तांदळाची भाकरी आणि वाफाळत्या बरगड्या वाढून आणल्या. "हे काय?" असे विचारून मी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणालो, "आमच्यात चालत नाही." शब्द बरोबर होते, पण सूर चुकला होता. मावशींचा चेहरा उतरला. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमका चलणा नाय तर रवांदे. पण घोटभर पाणी तरी घेवा." मी पाणीही घेतले नाही.

पुढच्याच पावसाळ्यात त्या गावाबाहेर माझी मोटारसायकल बंद पडली. अंगात तापही होता. भिजत भिजत जे पहिले घर लागले, ते त्याच मावशींचे. त्यांनी मागचे काही काढले नाही. कोरडे कपडे दिले, गरम पेज दिली आणि रात्री झोपायला खाट दिली. माफी मागायला तोंड उघडेना. म्हणून दिवाळीला गावी गेलो तेव्हा येताना आमच्या गुऱ्हाळातली पाच किलो काकवी डब्यात भरून आणली आणि त्यांच्या ओट्यावर ठेवली. मावशींनी झाकण उघडून बोट बुडवून चाखली आणि विचारले, "ह्यो गूळ असो पातळ कसो?" त्या बरगड्यांना माडाचा गूळ आणि माडीचे व्हिनेगर लावीत. त्या नाताळात त्यांनी माडाच्या गुळाऐवजी काकवी वापरून पाहिली. त्या दिवशी पान माझ्यासमोर आले तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली.

आज जी कृती सांगणार आहे, ती त्या मावशींची आहे. मी फक्त वजने-मापे लिहून घेतली आणि असे केल्याने तसे का होते, त्याचे कारण माझ्या परीने जोडले.

हे मांस आपल्याकडे नवे नाही

पुष्कळांना वाटते, डुकराचे मांस म्हणजे परदेशी खाणे. पण आपल्याच किनाऱ्यावर ते शेकडो वर्षे शिजते आहे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५३४ साली वसई त्यांच्याकडे गेली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकून घेतली, तरी तिथल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या चुलीवरची चव तशीच टिकली. गोव्याचे सोरपोटेल आणि विंदालू सर्वांना ऐकून तरी ठाऊक असतात. विंदालू हा शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतून आला. त्यात द्राक्षाची दारू आणि लसूण यांत मुरवलेले मांस असा अर्थ आहे. आपल्याकडे दारूच्या जागी माडीचे व्हिनेगर आले आणि जोडीला आपली मिरची-मसाला मिळाला. वसईकडचा आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतला बाटलीत भरून वर्षभर ठेवायचा मसालाही याच परंपरेतला.

शिवाय देशावरही वडार, कैकाडी अशा कष्टकरी समाजांत हे मांस पूर्वापार खाल्ले जाते. गोव्याच्या स्थानिक डुकराची तर 'अगोंडा गोवन' या नावाने देशी जात म्हणून नोंद झाली आहे. तेव्हा ज्यांच्या ताटात हे आहे त्यांनी लाजू नये, आणि ज्यांच्या ताटात नाही त्यांनी नाक मुरडू नये.

गोड लेपाचेही तसेच. चीनमध्ये बरगड्या साखर आणि व्हिनेगर यांच्या आंबटगोड पाकात घोळवतात. अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाच्या शहराच्या बाजूला मंद धुरावर भाजलेल्या बरगड्यांना टोमॅटो आणि मोलॅसिसचा दाट लेप देतात. हे मोलॅसिस म्हणजे आपल्या काकवीचा चुलतभाऊच, फक्त साखर काढून घेतल्यावर उरलेला. आपली काकवी त्याहून सरस, कारण तिच्यात उसाचा सगळा गोडवा शिल्लक असतो.

आधी हे वाचा, मग चूल पेटवा

आता ती आजाराची गोष्ट. काही वर्षांनी माझी बदली देशावर झाली. तिथल्या एका गावात नवव्या यत्तेतल्या मुलीला झटके येऊ लागले. घर माळकरी. अंडेसुद्धा कधी शिवलेले नाही. आधी देवऋषी झाला, अंगारे-धुपारे झाले. मग तालुक्याच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिथे डोक्याचा फोटो काढल्यावर कळले की मेंदूत एका जंताची गाठ आहे. हा जंत डुकराच्या मांसातून येतो, एवढे अर्धवट ऐकून गावकरी चिडले. गावाच्या कडेला डुकरे पाळणारी चार घरे होती. त्यांची डुकरे मारा, त्यांना गावातून हाकला, असे बोलणे सुरू झाले. ग्रामसभा बोलावली गेली. मीही तिथे होतो, आणि खरे सांगतो, त्या दिवशी काय बोलावे हे मलाही सुचेना. डॉक्टरांनी उभे राहून सगळे उलगडून सांगितले. ते तुम्हीही नीट समजून घ्या.

हा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत. तो पूर्ण वाढतो माणसाच्या आतड्यात आणि कित्येक हात लांब होतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. माणूस उघड्यावर बसला आणि मोकाट डुकराने ती घाण खाल्ली, की अंड्यांतून निघालेल्या अळ्या डुकराच्या मांसात जाऊन साबुदाण्यासारख्या पांढुरक्या गाठी करतात. असे मांस कच्चे राहिले आणि माणसाने खाल्ले, की त्याच्या आतड्यात नवा जंत तयार होतो. हा झाला एक फेरा.

पण मेंदूत गाठ होते ती मांस खाऊन नव्हे. ती होते जंताची अंडी पोटात गेल्याने. ज्याच्या पोटात जंत आहे त्याचे न धुतलेले हात, उघड्यावरची घाण वाहून आलेले पाणी आणि त्या पाण्यावर पिकवलेली किंवा त्यात धुतलेली कोथिंबीर, मुळा, मेथी यांतून ही अंडी कोणाच्याही पोटात जातात. मग तो माळकरी असो की मांसाहारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे, ज्या भागांत हा रोग मुरलेला आहे तिथल्या फेफऱ्याच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हाच जंत असतो.

डॉक्टर शेवटी म्हणाले, "डुकराला दोष देण्याआधी सकाळी तांब्या घेऊन ओढ्याकडे कोण कोण जातो, ते सांगा." सभा गप्प झाली. ओढ्याकाठीच भाजीचे मळे होते. त्या चार घरांना कोणी हाकलले नाही. त्यांनी डुकरे कुंपणात बांधायचे कबूल केले आणि गावाने संडास बांधायचे. मुलीने पुढे बराच काळ नेमाने गोळ्या घेतल्या आणि तिचे झटके थांबले. आज ती दोन मुलांची आई आहे.

म्हणून चार नियम भिंतीवर लिहून ठेवा. संडासचाच वापर करा. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा. कच्ची खायची पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुवा. आणि डुकराचे मांस आत हाडापर्यंत शिजल्याशिवाय तोंडात घालू नका. नीट शिजलेल्या मांसात या जंताची अळी जगत नाही. कोणाला झटके येत असतील तर अंगारा नको, दवाखाना गाठा. यावर औषधे आहेत.

मांस पारखून घ्या

मोकाट, उकिरड्यावर फिरणाऱ्या डुकराचे मांस घेऊ नका. गोठ्यात बांधून, कोंडा-पेंड घालून वाढवलेल्या जनावराचे घ्या. सहा ते नऊ महिन्यांचे, ७० ते ९० किलोचे डुक्कर खाण्यास उत्तम. मांस गुलाबी, चरबी पांढरी आणि घट्ट असावी. बोटाने दाबल्यास खड्डा भरून यावा. मांसात साबुदाण्यासारखे किंवा तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके फोड दिसले तर ते मांस स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

काही मांसाला शिजताना उग्र वास येतो आणि मग सगळे खापर मसाल्यावर फुटते. पुष्कळदा तो वास खच्ची न केलेल्या मोठ्या नराच्या मांसाचा असतो. म्हणून पाळणाऱ्यांनी मांसासाठी ठेवायची नर पिल्ले तीन-चार आठवड्यांची असतानाच पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्यावीत.

साहित्य

चार-पाच माणसांसाठी हे प्रमाण पुरते.

मुरवण्यासाठी : बरगड्या १ किलो (दोन-दोन हाडांचे तुकडे), आले-लसणाचे वाटण २ मोठे चमचे, हळद अर्धा लहान चमचा, मीठ २ लहान चमचे, माडीचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस २ मोठे चमचे.

शिजवण्यासाठी : १ मोठा कांदा उभा चिरून, ५-६ मिरे, ३-४ लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, गरम पाणी २ वाट्या.

लेपासाठी : काकवी अर्धी वाटी (नसेल तर तेवढाच किसलेला गूळ), चिंचेचा दाट कोळ २ मोठे चमचे, ठेचलेला लसूण ६-७ पाकळ्या, लाल तिखट १ लहान चमचा, मिरपूड अर्धा लहान चमचा, बरगड्या शिजलेले पाणी अर्धी वाटी, चवीपुरते मीठ.

चिंचेऐवजी कोकमाचे आगळ चालते. मात्र आगळात आधीच मीठ असते, तेव्हा वरून मीठ घालताना हात आखडता ठेवावा.

पहिली पायरी : पापुद्रा काढणे

बरगड्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, चकचकीत, पांढरा पापुद्रा असतो. तो शिजून मऊ होत नाही, चामड्यासारखा चिवट होतो आणि मीठ-मसाला आत जाऊ देत नाही. एका कडेच्या हाडावर चमच्याच्या दांड्याने तो थोडा उचकटावा, कोरड्या फडक्याने घट्ट धरावा आणि एका दमात ओढावा. सालीसारखा निघून येतो. पुष्कळ घरांत बरगड्या चिवट होतात त्याचे निम्मे कारण हा पापुद्राच असतो. त्यामुळे तुकडे करण्याआधीच तो काढून घेणे सोपे.

मग बरगड्यांना मुरवणाचे साहित्य चोळून दोन तास झाकून ठेवावे. फ्रीज असेल तर रात्रभर ठेवले तरी चालते. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, मांस बिघडते.

दुसरी पायरी : दमाने शिजवणे

या कृतीचे सगळे मर्म इथे आहे. मावशी म्हणायच्या, "मांसाक घाई खपणा नाय, साहेब. घाई करशात तर दात मोडतले."

याचे कारण असे. बरगडीच्या मांसात हाडाला धरून ठेवणारे चिवट धागे पुष्कळ असतात. जनावर श्वास घेते तेव्हा हा भाग सारखा हलत असतो, म्हणून तो घट्ट बांधलेला असतो. मोठ्या जाळावर खळाखळा उकळले की मांस आकसते आणि आतला रस पिळून बाहेर येतो. पण चिवट धाग्यांना विरघळायला वेळच मिळत नाही. तेच मंद आचेवर, वाफेत दीड-दोन तास ठेवले की ते धागे हळूहळू विरघळून मऊ, चिकट रस होतात. बरगडीचा रस्सा गार झाल्यावर थिजतो तो याच कारणाने. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी घाई इथे कामाची नाही.

कल्हईच्या जाड पातेल्यात कांदा पसरून त्यावर बरगड्या रचाव्यात. खडा मसाला घालावा आणि दोन वाट्या गरम पाणी ओतावे. बरगड्या पाण्यात बुडता कामा नयेत, निम्म्या वर राहाव्यात. वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घालावे. हे झाकणावरचे पाणी दोन कामे करते. वाफ आतल्या आत गार होऊन परत पातेल्यात पडते, आणि आत पाणी कमी वाटले तर हेच तापलेले पाणी वापरता येते. गार पाणी कधीही ओतू नये. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट घातलेले मांस मुळीच शिजवू नये. मातीचे भांडे असेल तर फारच छान.

एक उकळी आली की जाळ ओढून घ्यावा. फक्त निखाऱ्यावर किंवा गॅसच्या अगदी बारीक ज्योतीवर दीड ते दोन तास ठेवावे. मध्ये एकदाच तुकडे खालवर करावेत. सारखे झाकण उघडून पाहू नये.

वेळ नसेल तर कुकर आहे. वाफ कोंडल्यावर आच बारीक करून २० ते २५ मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. शिटी उचलून वाफ सोडली तर मांस पुन्हा आकसते.

शिजले हे कसे ओळखावे? हाडाच्या टोकापासून मांस अर्धे पेर मागे सरकलेले दिसते. चिमट्याने हाड धरून हलकेच पिळले तर ते सहज वळते. पण मांस हाडावरून गळून पडत असेल तर थोडे जास्त झाले असे समजावे, कारण पुढे निखाऱ्यावर ते टिकणार नाही. हाडाजवळ लालसर, कच्चा रस दिसता कामा नये.

बरगड्या काढून ठेवाव्यात आणि पातेल्यातले पाणी गाळून घ्यावे. वर तरंगणारी चरबी चमच्याने काढून टाकावी. उरलेले पाणी फेकू नये. अर्धी वाटी लेपाला लागेल. बाकीच्यात हरभऱ्याची किंवा चवळीची उसळ करावी.

तिसरी पायरी : लेप

लोखंडी नसलेल्या लहान कढईत चमचाभर तेलात लसूण परतावा. तो तांबूस होण्याआधीच तिखट आणि मिरपूड घालून लगेच काकवी, चिंचेचा कोळ आणि अर्धी वाटी पाणी ओतावे. मंद आचेवर आठ-दहा मिनिटे आटवावे. चमच्याच्या पाठीवर लेप चिकटून राहिला, त्यावर बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही, की उतरवावे. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, म्हणून पाक चिकीसारखा होऊ देऊ नये.

चव घेऊन पाहावी. आधी गोड लागावे, मग आंबट आणि शेवटी तिखट. नुसते गोड झाले तर चार घासांत तोंडाला मिठी बसते. आंबटाने चरबीचा जडपणा तुटतो, म्हणून ते टाळू नये. आणि लेप बेताचाच असावा. मांस झाकून टाकेल इतका लेप म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

चौथी पायरी : निखाऱ्यावर

निखारे करवंट्यांचे किंवा आंब्याच्या, बाभळीच्या सुक्या लाकडाचे असावेत. रंग दिलेल्या फळ्या, जुन्या खिडक्यांची लाकडे किंवा प्लॅस्टिक घालून पेटवलेला जाळ खाण्यासाठी वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो. ज्वाळा पूर्ण बसून निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की वर जाळी ठेवावी.

आधी बरगड्या लेप न लावता दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटे भाजून कोरड्या कराव्यात. मग पातळ लेप लावावा, दोन मिनिटांनी उलटावे, दुसऱ्या बाजूला लावावा. असे तीन हात द्यावेत. एकदम जाड थर देऊ नये. इथे पुष्कळजण चुकतात. ते लेप सुरुवातीलाच लावतात. गोड पदार्थ जाळावर फार लवकर करपतो. बाहेरून काळे आणि कडू, आत मात्र चव नाही, असे होते. लेप शेवटच्या दहा मिनिटांतच. रंग पिकलेल्या जांभळाच्या आसपास, तांबूस-काळा आणि चकचकीत आला की झाले.

निखारे नसतील तर जाड तव्यावरही जमते. आच मंद ठेवून लेप लावत लावत तुकडे फिरवावेत.

जाळीवरून काढल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवावे. शिजेपर्यंत दम निघतो पण निवेपर्यंत निघत नाही, ही म्हण आपल्या सर्वांना लागू आहे. पण या दहा मिनिटांत रस आत मुरतो आणि लेप बसतो.

दुपारी ३ वाजता मुरत लावले तर ५ वाजता चुलीवर, ७ वाजता निखाऱ्यावर आणि साडेसातला ताटात, असा हिशोब बसतो. यातला बराच वेळ चूल आपले काम करते, आपण आपले. सोबत तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि सोलकढी. हे मांस जड असते, म्हणून सणासुदीला, पाहुण्या-रावळ्याला करावे. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी एखाद्या तुकड्यावर समाधान मानावे.

बोकडाच्या चापांसाठी

कृती तीच, फक्त तीन फरक. पापुद्रा पातळ असतो, तेवढा काढला की पुरे. कोवळ्या बोकडाचे चाप मंद आचेवर तास-सव्वा तासात होतात. आणि या मांसात चरबी कमी असल्याने निखाऱ्यावर ठेवण्याआधी थोडे तेल चोळावे. काकवीही थोडी कमी घ्यावी.

पाळणाऱ्यांसाठी दोन शब्द

ज्यांच्या परसात डुकरीण आहे त्यांना माहीत आहेच की ती तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी, म्हणजे सुमारे ११४ दिवसांनी विते. एका वेताला आठ ते बारा पिल्ले देते. डुकराच्या जिवंत वजनाच्या ७० ते ७५ टक्के वजन कापल्यावर हाती येते. बोकडात ते निम्म्याच्या आसपासच असते. मात्र बरगड्या चिवट होतात म्हणून पुष्कळजण त्या स्वस्तात देऊन टाकतात. नीट शिजवलेली बरगडी ही सर्वांत चवदार, हे एकदा गिऱ्हाइकाला कळले की तो भाग उरत नाही.

आणखी एक सावधगिरी. आफ्रिकन स्वाइन फीवर नावाचा रोग आपल्या देशात २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात पहिल्यांदा आढळला आणि नंतर इतर राज्यांतही पसरला. तो माणसाला होत नाही, पण गोठा पाहता पाहता रिकामा करतो आणि त्यावर उपचार नाही. हॉटेलातले खरकटे न उकळता डुकरांना घालू नका. डुकराच्या मांसाचे उष्टे तर मुळीच नको. बाहेरची डुकरे आणली तर काही दिवस वेगळी बांधा. एकाएकी मरतूक दिसली तर मांस विकू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

शेवटी

त्या मावशी आज नाहीत. त्यांच्या सुनेच्या हाती ते पातेले आहे. गेल्या नाताळात मी सहकुटुंब गेलो होतो, जाताना नेहमीप्रमाणे काकवीचा डबा होता. माझी पत्नी हे खात नाही. सुनेने तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात काळ्या वाटाण्याची उसळ केली होती आणि ताट पुढे करताना म्हणाली, "वयनी, ह्या तुमचा येगळा केलेला आसा." पत्नीने हसून ताट घेतले, पाणी मागून घेतले आणि शेजारी बसून जेवली.

मला १९९६ चा तो दिवस आठवला. दुसऱ्याच्या घरी जे चालत नाही ते खाल्लेच पाहिजे असे नाही. पण नको म्हणताना खुर्ची मागे सरकवू नये, आणि घोटभर पाणी तरी घ्यावे. एवढे मला शेतकऱ्याच्या ओट्यावर शिकायला मिळाले.

तेव्हा येत्या सणाला, ज्यांच्या घरी चालते त्यांनी बरगड्या, आणि इतरांनी बोकडाचे चाप, या रीतीने करून पाहावेत. भाजी धुताना, हात धुताना त्या माळकरी घरातल्या मुलीची आठवण ठेवावी. आणि चुलीवर पातेले चढवल्यावर आच मंद ठेवून दम धरावा.